विश्लेषण : दुसऱ्याची मोटार खोलली, स्वतःची घडवली… हेन्री रॉइस यांची नजर कशी बदलली?

रोल्स-रॉइस म्हटले की राजेमहाराजे, चांदीसारखे चमकणारे रेडिएटर आणि आवाज न करणारे इंजिन आठवते. पण या नावातील ‘रॉइस’ हे गृहस्थ ना श्रीमंत होते, ना मोटारींचे शौकीन. मँचेस्टरमध्ये विजेच्या वस्तू आणि क्रेन बनवणारा त्यांचा छोटा कारखाना होता. प्रकृती बिघडल्यावर त्यांनी एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली, ती खोलली आणि मग तिच्यासारखीच पण स्वतःची मोटार घडवली. त्यानंतर कोणत्याही मोटारीकडे, अगदी स्वतःच्याही, ते पूर्वीच्या नजरेने पाहू शकले नाहीत. ही नजर कशी तयार झाली, तिने काय दिले आणि तिची किंमत काय होती?

हेन्री रॉइस मूळचे कोण?

फ्रेडरिक हेन्री रॉइस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या आल्वॉल्टन या गावी झाला. पाच भावंडांत ते सर्वात धाकटे. वडिलांची पिठाची गिरणी होती, पण धंदा बुडाला आणि कुटुंब लंडनला आले. रॉइस नऊ वर्षांचे असताना वडील गेले. पोटासाठी त्यांनी वर्तमानपत्रे विकली, तारा घरोघरी पोहोचवल्या. शाळेत ते जेमतेम वर्षभर गेले.

कुटुंबातील एका नातेवाईक महिलेने वर्षाला २० पौंड भरण्याची तयारी दाखवली, म्हणून १८७८ च्या सुमारास त्यांना पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. तिथे आणि जिथे ते राहत त्या घरी, लेथवर काम कसे करायचे, कानस कशी धरायची, हे त्यांच्या हातात बसले. पण पुढे ते पैसे थांबले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. म्हणजे ज्यांचे नाव पुढे उत्तम अभियांत्रिकीचा समानार्थी शब्द झाले, त्यांच्याकडे ना पदवी होती, ना पूर्ण झालेल्या उमेदवारीचा कागद.

त्यानंतर लीड्समधील हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात आठवड्याला ११ शिलिंगांवर त्यांनी काम केले. मग विजेच्या दिव्यांच्या नव्या क्षेत्रात आधी लंडन, नंतर लिव्हरपूल. १८८४ मध्ये साठवलेले २० पौंड घालून त्यांनी अर्नेस्ट क्लेअरमाँट यांच्या भागीदारीत मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर कारखाना सुरू केला. सुरुवातीला दारावरच्या घंटा आणि दिव्यांचे सामान, पुढे डायनॅमो, मोटर आणि विजेवर चालणाऱ्या क्रेन असा हा प्रवास होता.

मोटारीकडे ते का वळले?

एकोणिसावे शतक संपता संपता कारखान्यासमोर अडचण उभी राहिली. जर्मन आणि अमेरिकी कंपन्यांचे स्वस्त डायनॅमो व क्रेन इंग्लंडच्या बाजारात आले. दर पाडायचे तर दर्जा पाडावा लागला असता आणि ते रॉइस यांना मान्य नव्हते. ऑर्डर कमी होऊ लागल्या. त्यात रात्री उशिरापर्यंत काम आणि जेवणाची शुद्ध नाही, या सवयीने प्रकृती ढासळली. १९०२ मध्ये त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. पत्नीच्या नातेवाइकांकडे दक्षिण आफ्रिकेला ते काही आठवडे राहून आले. बोटीच्या प्रवासात वाचायला सोबत होते ते मोटारीची रचना समजावून सांगणारे, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले पुस्तक.

आधी त्यांच्याकडे द दियाँ कंपनीची चारचाकी सायकलवजा गाडी होती. परतल्यावर त्यांनी वापरलेली डेकोव्हिल मोटार घेतली. छोट्या रुळांच्या रेल्वेसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच कंपनीने बनवलेली ही दोन सिलिंडरची, दहा अश्वशक्तीची गाडी होती. त्या काळाच्या मानाने ती वाईट नव्हती, उलट चांगल्या गाड्यांत तिची गणना होत असे. ही बाब महत्त्वाची आहे, कारण रॉइस यांनी टाकाऊ गाडीला नावे ठेवली नाहीत. चांगल्या समजल्या जाणाऱ्या गाडीत त्यांना उणिवा दिसल्या.

डेकोव्हिलमध्ये त्यांना काय खटकले?

तेव्हा मोटार बाळगणाऱ्याला काही गोष्टी गृहीत धराव्या लागत. गाडी थरथरणार, आवाज करणार, चढावर तापणार आणि वाटेत कुठेतरी बंद पडणार. मालक या सगळ्याला मोटारीचा स्वभाव समजत. घोडा जसा कधी अडतो, तशी मोटारही अडते, इतकेच.

रॉइस यांनी गाडी कुक स्ट्रीटवर आणून सुटी केली आणि एकेक भाग मोजला. विजेच्या यंत्रांत वीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘स्वभाव’ हे उत्तर पटणारे नव्हते. आवाजाला कारण असते. गिअरचे दाते नीट कापलेले नसतील, तर ते एकमेकांवर आपटतात. धूर बाहेर सोडणारा सायलेन्सर लहान असेल, तर फटाक्यासारखे आवाज येतात. ठिणगी कधी पडते, कधी पडत नाही, कारण कॉइल आणि वायरींची जोडणी ढिसाळ असते. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळत नसेल, तर इंजिन एका वेगावर बरे चालते आणि दुसऱ्या वेगावर धापा टाकते.

थरथरीचेही तसेच. दोन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना दर वेळी चौकटीला हादरा बसतो. हा हादरा पूर्ण जात नाही. पण पिस्टन आणि दांडे तोलून-मापून बनवले, क्रँकशाफ्ट जाड ठेवला आणि त्याला पुरेशी बेअरिंग दिली, तर तो बराच कमी होतो. म्हणजे जो दोष गाडीच्या जातीचा मानला जात होता, तो बऱ्याच अंशी कारागिरीचा होता.

दुरुस्ती करून का थांबले नाहीत?

ते आधी दुरुस्तीच करत होते. डेकोव्हिलचे काही भाग त्यांनी नव्याने करून बसवले आणि गाडी सुधारलीही. पण एक भाग सुधारला की शेजारच्या भागाची उणीव उघडी पडत असे. कार्ब्युरेटर चांगला झाला की ठिणगीची वेळ चुकते हे कळते. इंजिन शांत झाले की आतापर्यंत झाकलेली गिअरची खरखर ऐकू येते. जुने इंजिन उघडून बसणाऱ्या कोणत्याही मेकॅनिकला हा अनुभव ओळखीचा वाटेल.

त्यामुळे त्यांनी दोन सिलिंडरच्या, दहा अश्वशक्तीच्या तीन गाड्या स्वतःच्या कारखान्यात बनवायचे ठरवले. हा निर्णय कागदावर शहाणपणाचा नव्हता. मुख्य धंदा मंदावला होता. क्रेनच्या कामावरचे कुशल हात आणि यंत्रे या नव्या खटाटोपात गुंतणार होती. गाडीला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नव्हती. भागीदार क्लेअरमाँट यांना हिशेबाची काळजी वाटणे स्वाभाविक होते. चुकले असते तर वीस वर्षांची कमाई आणि कारखान्यातील कामगारांची रोजीरोटी अडचणीत आली असती.

पहिली गाडी कशी तयार झाली?

सप्टेंबर १९०३ मध्ये पहिले इंजिन चाचणीसाठी सुरू झाले. पुढचे महिने गिअरबॉक्स, मागचा आस, चौकट आणि स्टीअरिंग जुळवण्यात गेले. एरिक प्लॅटफर्ड यांच्यासारखे तरुण उमेदवार त्यांच्या हाताखाली होते. या मंडळींना घड्याळाकडे पाहण्याची सोय नव्हती. रॉइस स्वतः जेवण विसरत, म्हणून मुलाला दूध-पाव देऊन त्यांच्या मागे पाठवावे लागे, अशी आठवण सांगितली जाते.

१ एप्रिल १९०४ रोजी गाडी कारखान्याबाहेर पडली. ती चालवत रॉइस सुमारे १५ मैलांवरच्या नट्सफर्ड येथील घरी गेले. कामगारांनी हातात येईल त्यावर हातोडे आपटून तिला निरोप दिला, असे म्हणतात. दुसरी गाडी क्लेअरमाँट यांच्याकडे आणि तिसरी कंपनीशी संबंधित हेन्री एडमंड्स यांच्याकडे गेली.

या गाडीत क्रांतिकारक शोध कोणताच नव्हता. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मध्ये, तिथून दांड्याने मागच्या चाकांना गती, ही डेकोव्हिलची सर्वसाधारण मांडणी रॉइस यांनी तशीच ठेवली. बदलले ते प्रत्येक भागाचे काम. कॉइल आणि ठिणगीची व्यवस्था त्यांनी स्वतः आखली, कारण वीज हा त्यांचा हातखंडा होता. कार्ब्युरेटर नवा केला. सायलेन्सर मोठा ठेवला. चौकट जोडताना रिबिटांवर त्यांचा विश्वास नव्हता. हादऱ्याने रिबिट सैल होते. त्याऐवजी छिद्र किंचित निमुळते करून त्यात घट्ट बसणारे बोल्ट घालण्याकडे त्यांचा कल होता.

गाडी घडवल्यावर इतर गाड्यांकडे पाहणे कसे बदलते?

इथे रॉइस यांच्या आयुष्यातील कळीचा मुद्दा येतो. गाडी खोलणाऱ्याला तिच्यातील चुका दिसतात. गाडी घडवणाऱ्याला त्या चुका का झाल्या हेही कळते. बोल्ट पातळ का ठेवला? वजन वाचवायला. दाते खडबडीत का राहिले? घासायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे पडतात. प्रत्येक भाग म्हणजे कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, हे स्वतः असे शेकडो निर्णय घेतल्याशिवाय उमगत नाही.

रॉइस यांनी डेकोव्हिलची मांडणी कायम ठेवली, यात हेच दिसते. फ्रेंच कारागिरांनी जे बरोबर केले होते, ते बदलण्याचा अट्टहास त्यांनी केला नाही. जिथे वेळ किंवा पैसा वाचवण्यासाठी तडजोड झाली होती, तिथे ती नाकारली. अर्थात, त्यामुळे त्यांची गाडी स्वस्त होणे शक्य नव्हते. पुढे विक्रीला आल्यावर या दोन सिलिंडरच्या गाडीच्या सांगाड्याची किंमत ३९५ पौंड होती. कारखान्यातील कामगाराला एवढी रक्कम कमवायला कित्येक वर्षे लागली असती. दर्जा आणि दर यांचा जो पेच त्यांना क्रेनच्या धंद्यात पडला होता, तो मोटारीत सुटला, कारण मोटारीचे गिऱ्हाईकच श्रीमंत होते.

रोल्स कसे भेटले आणि त्यांचे मत का बदलले?

चार्ल्स रोल्स हे उमराव घराण्यातील, केंब्रिजमध्ये शिकलेले तरुण. लंडनमध्ये ते पानार्द आणि इतर युरोपीय गाड्या विकत. विकण्याजोगी चांगली इंग्लिश गाडी नाही, ही त्यांची खंत होती. एडमंड्स यांनी दोघांची गाठ घालून दिली. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात ही भेट झाली.

रोल्स यांना दोन सिलिंडरच्या गाड्या आवडत नसत. त्यांनी अशा पुष्कळ गाड्या चालवल्या होत्या आणि थरथर त्यांना असह्य होई. रॉइस यांच्या गाडीत बसल्यावर ते मत डळमळले. दोन सिलिंडरची गाडीही इतकी शांत आणि सुरळीत चालू शकते, तर थरथर ही संख्येची नव्हे, कामाची गोष्ट आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे रॉइस यांनी गाडी घडवून जे शिकले, ते रोल्स एका फेरीत शिकले. कारखान्यातील सगळ्या गाड्या विकण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. डिसेंबर १९०४ मध्ये करार झाला आणि मार्च १९०६ मध्ये रोल्स-रॉइस ही कंपनी स्थापन झाली.

स्वतःच्या गाडीतील चुका त्यांना दिसल्या का?

दिसल्या, आणि त्याही दुसऱ्याच्या गाडीतल्या दिसाव्यात तितक्याच स्पष्ट. सुरुवातीच्या सहा सिलिंडरच्या तीस अश्वशक्तीच्या गाडीत क्रँकशाफ्ट तुटू लागले. लांब क्रँकशाफ्ट फिरताना पिळवटला जातो आणि ठरावीक वेगाला ही पिळवटण वाढत जाते. हा प्रश्न तेव्हा सहा सिलिंडरच्या गाड्या करणाऱ्या इतरांनाही सतावत होता. रॉइस यांनी पुढच्या ४०/५० अश्वशक्तीच्या इंजिनात सहा सिलिंडरचे तीन-तीनचे दोन गट केले. क्रँकशाफ्ट जाडजूड केला आणि हादरे शोषणारी व्यवस्था बसवली.

हीच ती ‘सिल्व्हर घोस्ट’. १९०७ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांसमोर ती सुमारे १५ हजार मैल धावली. त्यात १४,३७१ मैल ती बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. त्यानंतर तिचे सुटे भाग काढून झीज मोजण्यात आली. दुसऱ्याची गाडी जशी खोलली होती, तशीच आता स्वतःची गाडी परक्या पंचांसमोर खोलली गेली. झिजलेले भाग बदलण्याचा खर्च दोन पौंडांच्या आसपास निघाला. १९२५ पर्यंत या प्रकारच्या सात हजारांहून अधिक गाड्या बनल्या.

मुंबई-कोल्हापूरचा काय संबंध?

गुळगुळीत इंग्लिश रस्त्यांवर गाडी चालणे वेगळे आणि सह्याद्रीच्या घाटांत चालणे वेगळे. १९०८ मध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नाव दिलेली सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर चाचणी शर्यतीत उतरली. अंतर ६२० मैल, म्हणजे जवळपास एक हजार किलोमीटर. वाटेत सहा घाट होते. घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये बराच वेळ जोर लावते, वाऱ्याचा वेग कमी असतो आणि पाणी उकळू लागते. उतरताना ब्रेक तापतात. डेकोव्हिलमध्ये रॉइस यांना दिसलेल्या दोषांपैकी एखादा जरी शिल्लक असता, तरी तो इथे उघडा पडला असता. गाडीने ही चाचणी जिंकली आणि पुढे ती ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. भारतीय संस्थानिकांच्या दारी रोल्स-रॉइसची रांग लागली, त्याच्या आरंभीच्या काळातील ही घटना.

मग नामुष्की कधीच आली नाही का?

आली. १९०९ मध्ये कंपनीने चारऐवजी तीन गिअर देण्याचा निर्णय घेतला होता. इंजिनात एवढी ताकद होती की चौथ्याची गरज वाटत नव्हती. पण १९१२ च्या ऑस्ट्रियातील आल्प्स चाचणीत जेम्स रॅडली यांची सिल्व्हर घोस्ट काट्शबर्गच्या तीव्र चढावर अडली. उत्कृष्ट म्हणून गाजलेल्या गाडीतून प्रवाशांना उतरावे लागले.

हा दोष रस्त्याच्या किंवा चालकाच्या माथी मारता आला असता. कंपनीने चार गिअरचा नवा गिअरबॉक्स बनवला, पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था सुधारली आणि १९१३ मध्ये त्याच चाचणीत गाड्या पुन्हा उतरवल्या. या वेळी त्या सर्वात वेगवान गाड्यांत होत्या आणि काट्शबर्गही त्यांनी सहज पार केला.

या नजरेची किंमत काय होती?

उणीव दिसली की ती सोडून देता न येणे, हा गुण माणसाला विश्रांती घेऊ देत नाही. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान अपघातात रोल्स यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी रॉइस पुन्हा कोसळले. शस्त्रक्रिया झाली. आता थोडेच महिने हाती आहेत, असे डॉक्टरांना वाटत होते.

कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी त्यांना कारखान्यापासून दूर ठेवण्याचे ठरवले. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधील ल कानादेल आणि एरवी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील घर, असा क्रम ठरला. १९०८ मध्ये डर्बी येथे उभ्या राहिलेल्या ज्या कारखान्याची आखणी त्यांनी केली होती, तिथे जाणे थांबले. आरेखन करणारी निवडक मंडळी त्यांच्या घराजवळ राहत. आराखडे टपालाने डर्बीला जात, तिथून भाग तयार होऊन येत, गाड्या तपासणीसाठी दारापर्यंत आणल्या जात. नर्स एथेल ऑबिन त्यांची शुश्रूषा करत. पत्नीपासून ते आता वेगळे राहत होते. डॉक्टरांचा अंदाज चुकला, रॉइस त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ जगले. पण ज्या हातांनी पहिली गाडी घडवली, त्यांना यंत्रशाळा दुरावली होती.

पुन्हा एकदा दुसऱ्याची गाडी का खोलली गेली?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटनला विमानांची इंजिने हवी होती. रॉइस यांनी तोवर विमानाचे इंजिन केले नव्हते. त्याच वर्षीच्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीसाठी बनवलेल्या मर्सिडीज गाड्यांपैकी एक लंडनमधील शोरूममध्ये अडकून पडली होती. पुढे स्वतःच्या नावाने गाड्या काढणारे डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी नौदलाच्या अधिकाऱ्यांचे तिकडे लक्ष वेधले. ती गाडी डर्बीला नेऊन सुटी करण्यात आली.

डेकोव्हिल खोलल्यानंतर अकरा वर्षांनी पुन्हा तोच प्रकार. आता शत्रूराष्ट्राची गाडी समोर होती आणि खोलणारी कंपनी जगप्रसिद्ध झाली होती. तरीही दुसऱ्याच्या कामात शिकण्याजोगे काय आहे, हा प्रश्न टाकून दिला गेला नाही. बारा सिलिंडरच्या ‘ईगल’ इंजिनात प्रत्येक सिलिंडर पोलादाचा, वेगळा आणि भोवती पाण्याचे आवरण जोडलेला होता. ही पद्धत मर्सिडीजच्या वळणाची होती. पण गिअर, बेअरिंग आणि एकूण मजबुती रॉइस यांची. १९१५ मध्ये २२५ अश्वशक्तीपासून सुरू झालेले हे इंजिन युद्ध संपेपर्यंत ३६० अश्वशक्तीपर्यंत गेले. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी अटलांटिक महासागर न थांबता पहिल्यांदा विमानाने ओलांडला, तो दोन ईगल इंजिनांच्या बळावर.

अखेर काय उरले?

श्नायडर चषक या विमानशर्यतीसाठी बनवलेल्या ‘आर’ इंजिनाने १९२९ आणि १९३१ मध्ये ब्रिटनला विजय मिळवून दिला. १९३० मध्ये रॉइस यांना ‘सर’ ही उपाधी मिळाली. तरीही ते स्वतःची ओळख मेकॅनिक अशीच सांगत, असे म्हटले जाते. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथील घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत आखणी सुरू झालेले नवे विमान इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा सुरू झाले. पुढे ‘मर्लिन’ नावाने ते हरिकेन आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांत बसले.

रॉइस यांची रक्षा आल्वॉल्टनच्या चर्चमध्ये आहे. जिथे वडिलांची गिरणी बुडाली, तेच हे गाव. कुक स्ट्रीटवर पहिल्यांदा खोललेल्या डेकोव्हिलपेक्षा चांगल्या गाड्या त्या काळी फारशा नव्हत्या. ती विकत घेणाऱ्या बहुतेकांनी तिच्या तक्रारी केल्या आणि ती चालवत राहिले. रॉइस यांनी तिच्यातील एकेका तक्रारीचे कारण शोधले आणि ते दूर करायला किती कष्ट पडतात, हे स्वतः गाडी घडवून पाहिले. म्हणूनच डेकोव्हिलचे चांगले ते त्यांनी ठेवले, मर्सिडीजकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही आणि काट्शबर्गच्या चढावर अडलेली स्वतःची गाडी पुन्हा आरेखनाच्या टेबलावर घेतली.